पलंगाखालच्या विटा

नदीकाठच्या त्या घरात पावसाळा तोंडावर आला की सासरे सामान विटांवर चढवायला घ्यायचे. आधी कपाट, मग शिलाई मशीन, मग खाटा-पलंग. पूर जेवढा चढणार तेवढ्याच विटा. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. सून हवामान कचेरीत होती. बाबा, आमची यंत्रं काढून तुम्हालाच तिथे बसवू या, असं ती त्यांना चिडवायची.

गेल्या साली मात्र तिने ठासून सांगितलं, यंदा पाणी घरात येत नाही. सासऱ्यांनी पहिल्यांदाच तिचं ऐकलं आणि विटा अंगणातच राहू दिल्या. गावात लख्ख ऊन होतं. पाऊस कोसळला तो वरच्या डोंगरात. भरदुपारी पाणी शिरलं. सगळे माळ्यावर चढले, सासरे मशीन उचलायला खाली थांबले. ते सापडलेच नाहीत. घरात तिला कुणी चकार शब्दाने बोललं नाही, आणि तेच तिला खात होतं.

यंदा एका सकाळी कपाट विटांवर उभं दिसलं. तिला वाटलं, नवऱ्याने केलं. नवऱ्याला वाटलं, तिने. सासूबाईंना तर भरलेला तांब्याही उचलवत नव्हता. दुसऱ्या दिवशी विटा वाढल्या. एकूण एक वीट ओली, गाळाने माखलेली. अंगण मात्र कोरडं ठणठणीत.

कचेरीत तिने डोंगरातले आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. कुठे थेंबही नव्हता. तरी तिने लांब राहणाऱ्या बहिणीकडे सगळ्यांची सोय करून ठेवली. सासूबाई अडून बसल्या.

"त्यांना सोडून मी कुठे जायची नाही."

"आई, बाबा आता कुठे आहेत?"

"रोज येतात की," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याशी बोलत नाहीत, एवढंच."

त्याच दुपारी डोंगरात ढगफुटी झाल्याची खबर आली. ती धावत घरी आली.

दार उघडं होतं. सासूबाईंची खाट तिच्या छातीएवढी उंच गेली होती. वर त्या शांत झोपल्या होत्या.

ती आतल्या खोलीत गेली. रात्रपाळी करून आलेला नवरा गाढ झोपेत होता. पलंग तिरपा झाला होता, तरी तो घसरला नव्हता.

त्याच्या बाजूचे पाय विटांवर होते.

तिच्या बाजूचे जमिनीवर.

विटा संपल्या असतील, असं मनाशी म्हणत तिने खिडकीतून पाहिलं. अंगणात निम्मा ढीग अजून शिल्लक होता.