चौथी खाट

मला आकडे चुकलेले खपत नाहीत. तीस वर्षं कारखान्यात एकेक बोल्ट मोजून घेतला. आता निवृत्त होऊन येलहंक्याच्या घरात बसलो तरी खोड जात नाही. त्यामुळे अल्बानियात आम्ही उतरणार होतो त्या घराच्या मालकानं, प्रेकनं, ‘चार खाटा ठेवल्या आहेत’ असं कळवलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. आम्ही तिघं. मी बिंदुमाधव, बायको अनुसूया आणि मुलगी हर्षिता.

अल्बानिया कुठून काढलंत, असं सगळ्या नातेवाइकांनी विचारून झालं होतं. हर्षितेनं काढलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आयसीयूतून बाहेर आल्यावर तिनं मोबाइलवर तिथल्या डोंगरातली एक खिंड दाखवली आणि म्हणाली, बरी झाले की ही चालत ओलांडायची. यंदा डॉक्टरांनी हो म्हटलं. मग मी तक्ता बनवला: रोज किती किलोमीटर, किती चढ, कुठे बसायचं, तिच्या गोळ्या कुठल्या पिशवीत. खिंडीच्या पायथ्याशी प्रेकचं दगडी घर, तिथे दोन मुक्काम.

मी लिहिलं, चार नव्हे, तीन. त्याचं उत्तर आलं, ‘बरं, चार. गुंडू दूध पितो का?’

आता हा गुंडू म्हणजे सुपारी. आमच्याकडे तिघं मिळून प्रवासाला निघत नाहीत, चौथी म्हणून सुपारी सोबत घेतात. अनुसूयेच्या माहेरी तर तिचं बारसंही करतात. तिकिटं काढली त्याच दिवशी बाईंनी देवापुढे तबकात सुपारी ठेवली, कुंकू लावलं आणि नाव ठेवलं गुंडू. मी म्हटलं, त्याचाही पासपोर्ट काढून टाक.

म्हणजे हा चावटपणा हर्षितेचा, असं मी धरून चाललो. महादेवपुऱ्याला तिच्या ऑफिसात फोन करून झाडलं. तिनं शपथ घेतली, एक अक्षर लिहिलेलं नाही म्हणून. अनुसूयेला ईमेल उघडता येत नाही, आणि खोटं बोलणं तर त्याहून जमत नाही.

आणखी तीन मेल झाल्या. दर वेळी मी तीन म्हणायचं आणि त्यानं चार. या माणसाच्या भरवशावर मी पोरीला डोंगरात नेणार होतो. शेवटी रविवारी दुपारी वैतागून व्हिडिओ कॉल लावला. प्रेक साठीचा, डोक्यावर पांढरी टोपी, इंग्रजी मोडकं पण कळेल असं. मी कॅमेऱ्यासमोर तीन बोटं धरली. त्यानं मान डोलावली. मग माझ्या खांद्यावरून मागे बघत, छातीला हात लावून कुणाला तरी अदबीनं नमस्कार केला.

मी वळून पाहिलं. भिंत, देव्हारा, तबकातली सुपारी. अनुसूया गच्चीवर कपडे वाळत घालत होती, हर्षिता सकाळीच बाहेर पडली होती.

“चौथा असू दे,” तो म्हणाला. “इथेही तिघांना कुणी खिंडीत पाठवत नाही.”

माझ्या अंगावर काटा आला. आणि काटा आला याचाच मला संताप आला. इंजिनिअर माणूस मी, एका सुपारीला भ्यायचं? फोन ठेवला, तबकातली सुपारी उचलली, अडकित्त्यात धरली आणि कातरली. दोन खांडं तोंडात टाकली, उरलेली खिडकीबाहेर फेकली.

अनुसूया खाली आली. रिकामं तबक बघितलं, माझं हलणारं तोंड बघितलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

“काय केलंत हे?” एवढंच म्हणाली आणि जमिनीवर बसली.

दहा मिनिटांत मेल आली. तीन खाटा. इतक्या दिवसांनी आकडा बरोबर. मी ते अनुसूयेला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग खालची ओळ दिसली.

परतीच्या जीपमध्ये दोन जागा.

ती मी वाचून दाखवली नाही. टाइप केलं: जाताना तीन, येताना तीन.

उत्तर लगेच आलं.

‘समजलं. मुलीचे बूट मागाहून येलहंक्याच्या पत्त्यावर पाठवीन. सदतीस नंबरचे, ना?’

खोटं कशाला सांगू, मी ती मेल घाईनं बंद केली. मग उघडून तो आकडा पुन्हा वाचला आणि जिवात जीव आला. सदतीस? हर्षितेचे बूट मी स्वतः घेतले होते, पावती तक्त्याला जोडलेली होती. अडतीस. या गड्याला एक आकडा धड येत नाही. मला हसूसुद्धा आलं.

फाटक वाजलं. हर्षिता आत आली, काखेत खोकं.

“अप्पा, इंदिरानगरला जाऊन बूट बदलून आणले,” ती म्हणाली. “आधीचे स्वल्प सैल होत होते.”

ती खाली बसली, बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि आईच्या समोरून चार पावलं चालून दाखवली.

“सदतीस घेतले. आता अगदी बरोबर बसतात.”