लाल किल्ली

हावड्याहून लाँच सुटली तेव्हा देवयानीच्या पाठीमागे कुणीतरी फोनवर मराठीत म्हणालं, "आई, पोचलो गं. नदीवर काय धुकं आहे..."

ती थबकली. हा आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता — फक्त तो आसामातल्या तेलविहिरीवरून यायचा आणि हिंदीत बोलायचा. तिची कंपनी कोलकात्यातल्या सॉल्ट लेकमधून लांबच्या विहिरींवर नजर ठेवी. पंप थांबवणं, सुरू करणं सगळं इथूनच होई.

"उन्मेष?"

तो दचकला. मग हसला. "देवयानी? फोनवर तर तुम्ही फार रागीट वाटता."

"आणि तुम्ही उंच वाटता."

"तुम्हालाच भेटायला आलोय," तो हळूच म्हणाला. "वर्षभर रजा साठवली..." त्यानं रुमाल काढला, तशी खिशातून एक लाल किल्ली पडली. त्याचा चेहरा उतरला.

पंपाच्या दुरुस्तीआधी माणूस त्याच्या स्विचला आपलं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतो. कुलूप निघेपर्यंत इथून कितीही बटणं दाबा, पंप हलत नाही. येण्याच्या घाईत उन्मेष कुलूप काढायलाच विसरला होता.

"साहेबांना सांगतो, तोडतील. मी इथे आहे, मग धोका कुणाला?"

देवयानी पाण्याकडे पाहत राहिली. "माझ्या बाबांचं कुलूप असंच तोडलं होतं. सगळ्यांना वाटलं, ते घरी गेले... ते पंपाखालीच होते."

उन्मेषनं वाकून किल्ली उचलली.

"आज तुम्ही मला समोर दिसताय," ती म्हणाली. "पण एकदा तोडलं की पुढच्या वेळी हात कचरत नाही."

त्यानं किल्ली मुठीत धरली. "जातो मी. पण... विहिरीवरच्या माणसाशी तुम्ही कधी लग्न —"

पलीकडच्या काठाला ती उतरली नाही. त्याच लाँचनं त्याला परत हावड्यापर्यंत सोडायला गेली.

तो आसामात पोचला त्या दुपारी तिच्या पडद्यावरचा कुलपाचा लाल दिवा विझला. फोन वाजला. त्यानं नियमाप्रमाणे आपलं नाव सांगितलं. मग हिंदी सोडून म्हणाला, "कुलूप काढलं. लांब उभा आहे. करा सुरू."

"आणखी मागे हो."

खडीवर त्याची पावलं वाजली. "झालो."

तिनं बटण दाबलं. फोनमधून पंपाची घरघर आली. एरवी तो आवाज येण्याआधीच ती फोन ठेवून द्यायची. आज तिनं तो कानाशी धरून ठेवला.

"पुढच्या आठवड्यात येतेय मी."

"विहीर बघायला?"

"नाही रे... तुला."