दारातून आलेलं ‘तादाइमा’

हे खरं घडलंय. पटलं नाही तर खुशाल हसा. आमचे भाऊजीही हसले होते.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. कोबे. मी सुलेखाताईकडे पंधरा दिवस राहायला गेले होते.

तिचे यजमान, शिरीषभाऊजी, तिथे बँकेत आहेत. सात वर्षं राहून जपानी शून्य. तोरा मात्र असा, की देश यांनीच वसवला.

क्योतोच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक पत्र आणून हॉलमध्ये फ्रेम करून लावलं होतं. दीडशे वर्षांपूर्वी जपानमध्ये यादवी युद्ध झालं, तेव्हाचं. कुणा कोवळ्या शिपायाने छावणीतून आईला लिहिलेलं.

रविवारी ऑफिसचे लोक जेवायला आले. ताईने केलेलं भाषांतर भाऊजींनी रडका आवाज काढून वाचलं.

"आई, थंडीने पाय सुजलेत. लढाई संपली की घरी येतो."

मग म्हणाले, "हा सैनिक? मम्माज बॉय!"

सगळे खिदळले. साहेबाच्या विनोदाला हसतात तसे.

ताई नाही हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला दारातून आवाज आला...

"तादाइमा."

घरी परतल्यावर तिथे असं म्हणतात. आलो मी. ताईने सवयीने स्वयंपाकघरातूनच उत्तर दिलं, "ओकाएरी." आलास, ये.

कुणी आत आलं नाही.

दार आतून बंद होतं. दारापाशीची फरशी मात्र... ओली.

मग रोज चारला तेच.

"बायकांना दुपारी उद्योग नसला की असंच होतं," भाऊजी म्हणाले.

पुढच्या रविवारी ते घरी होते. चार वाजले.

"तादाइमा..."

"थांब, बघतोच याला!" भाऊजी तरातरा दाराकडे गेले.

मग काहीच नाही. शिवी नाही. दार उघडल्याचा आवाजही नाही.

आम्ही धावलो. भाऊजी दारापाशी खाली बसून पाय चोळत होते. घोट्यापर्यंत निळे, सुजलेले पाय.

ताईकडे बघून ते बोलू लागले. अस्खलित जपानी. ज्यांना दुकानात साधी पिशवी मागता येत नाही, ते!

मला एकच शब्द कळला. "ओकासान." आई.

ताई त्यांच्यासमोर बसली. हळूच काहीतरी म्हणाली. भाऊजी हुंदके देऊन रडले... आणि तिथेच झोपी गेले.

आता विचारलं तर म्हणतात, "अगं, नाटक केलं!"

नाटक म्हणे. मग दुसऱ्याच दिवशी ते पत्र देवळात कोण देऊन आलं?

मी ताईला विचारलं, "काय म्हणत होता तो?"

"पत्र मिळालं का, विचारत होता. मी हो म्हटलं."

तेव्हापासून दारात आवाज येत नाही. ताई म्हणते, गेला तो.

मला नाही वाटत.

घरात आलेला माणूस पुन्हा दारात कशाला येईल?