खेळाच्या तासाची तपासणी

साहेब, चोर तुम्ही आहात. चार-पाच वर्षांच्या लेकरांचा खेळाचा तास उचलून न्यायचा, त्याला 'शिस्त' असं गोंडस नाव द्यायचं, आणि हात काळे होऊ नयेत म्हणून स्वतः न येता माणूस पाठवायचा. तुमच्या केबिनचं दार कधी उघडत नाही, म्हणून हे लिहून सांगावं लागतंय. तुमचा माणूस आला त्या आठवड्यात काय घडलं, ते ऐका.

सोमवारी सकाळी बालवर्गाच्या बाई फरशीवर उताण्या पडल्या होत्या. त्यांना ताप आला होता. सहा डॉक्टर पेन्सिलीने इंजेक्शनं टोचत होते आणि सातवी, चष्मेवाली, विचारत होती, "एवढी औषधं एका पोटात मावतील का?"

दारात एक उंच माणूस उभा होता. खांद्याला पिशवी.

"दवाखाना चालू आहे का?"

"रांगेत बसा," बाई पडल्यापडल्याच हसत म्हणाल्या. मग दचकून उठल्या. "नळवाले ना तुम्ही? दहा दिवस झाले सांगून. मागे आहे बघा, पोरं घसरून पडतात."

त्याने पिशवी खाली ठेवली. शिपायाकडून पाना मागून घेतला, बाह्या दुमडल्या आणि नळाला भिडला. चष्मेवाली शेजारी उकिडवी बसून प्रश्न विचारत राहिली. पाणी थांबलं तसे ओले हात पुसत त्याने पिशवीतून एक कागद काढला. खाली तुमची सही, साहेब. 'बालवर्गातील खेळाचा तास ठेवावा की बंद करावा, याची पाच दिवस तपासणी.'

बाईंचा चेहरा उतरला. "तुम्ही तपासनीस? मग आधी सांगायचं ना."

"तुम्ही बोलू कुठे दिलंत? आणि आजारी माणसाशी वाद घालू नये म्हणतात."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. बाईंना ते अजिबात आवडलं नाही. म्हणजे... आवडलं, आणि म्हणूनच संशय आला. केसाने गळा कापणारी माणसं अशीच हसतात.

घरी बाईंची वहिनी भाजी निवडत होती. "तपासनीस आणि नळ दुरुस्त करतो? दिसायला कसा आहे गं?"

"बरा आहे. म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"म्हणून तर त्यालाच पाठवला असणार. गोड बोलून सगळं काढून घ्यायला."

"तुझ्यासाठी खास निवडून पाठवला म्हणतेस? साहेबांना तुझी एवढी काळजी असती, तर पगार तरी वेळेवर दिला असता."

बाईंनी मात्र मनाशी पक्कं केलं. खेळ दाखवायचाच नाही. दिसलाच नाही तर हा बंद काय करणार? मंगळवारी ठोकळे, बाहुल्या, डबे-झाकणं, सगळं कपाटात गेलं. किल्ली कमरेला. मुलं ओळीत बसून अक्षरं-आकडे गिरवू लागली. बुधवारी तेच. गुरुवारीही तेच.

तो मुलांच्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला लावून, वहीत लिहीत बसे. मध्येच एखाद्याची बोथट पेन्सिल घेऊन टोक काढून देई. बाईंनी मान वर केली की नेमकी नजरानजर व्हायची, आणि दोघंही घाईघाईने भिंतीकडे बघायचे.

"बाई, त्या कपाटात काय आहे?"

"फाइली."

"फाइली खडखडतात?"

"जुन्या झाल्यात. सांधे धरलेत."

तो हसला. बाईही हसणार होत्या, पण आवरलं. शत्रूबरोबर हसायचं नसतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत तो पाणी प्यायला गेला आणि वही टेबलावरच राहिली. दुसऱ्याची वही उघडू नये हे मुलांना रोज शिकवणाऱ्या बाईंनी ती उघडली.

'सोमवार. चष्मेवाली: अर्ध्या तासात अकरा प्रश्न. मंगळवार: प्रश्न नाही. बुधवार: नाही. कोपऱ्यातला मुलगा: सोमवारी डॉक्टर, सलग बोलला. त्यानंतर एक शब्दही नाही. खेळ: दिसला नाही.'

आणि समासात, बारीक अक्षरात... 'बाई: सोमवारी हसल्या.'

"तपासणीची तपासणी चाललीय?" तो दारात उभा होता.

बाईंनी वही मिटली नाही. "हे सगळं कशासाठी?"

"साहेबांना मत नको, नोंद हवी. मुलं खेळतात तेव्हा काय शिकतात, हे डोळ्यांनी बघून लिहायला मी आलो. तुम्ही तीन दिवस मला नुसती गिरवलेली अक्षरं दाखवलीत. असा अहवाल गेला तर ते म्हणतील, बघा, खेळाशिवाय वर्ग कसा छान चालतो. तास तुमच्याच हातांनी बंद होईल."

बाईंनी वही त्याच्यासमोर सरकवली. "आणि तुम्ही खरं बोलताय कशावरून?"

"विश्वास ठेवू नका. पण उद्या शेवटचा दिवस आहे. कपाट उघडा."

शुक्रवारी कपाट उघडलं. पाच मिनिटांत नऊ खुर्च्यांची बस झाली आणि प्रवासी निघाले अकरा. भांडण पेटलं. बाई मध्ये पडणार, तोच त्याने हलकेच हात आडवा केला, "थांबा."

तीन दिवस मुका असलेला कोपऱ्यातला मुलगा पुढे झाला. "दोन जण जास्त आहेत. बारीक-बारीक दोघं एका खुर्चीवर बसा. असे दोनदा." चष्मेवालीने बोटं मोजून पाहिली. बरोबर होतं. गिरवताना सातच्या पुढे अडणारी ती मुलगी आता अकरा माणसं मोजून मोकळी झाली होती.

"आणि हे काका?" कुणीतरी विचारलं.

"काका उंच आहेत. ते टपावर."

तपासनीस खरोखर टेबलावर जाऊन बसला. वही मांडीवर, हात भराभर चालत होता. बाई बघत राहिल्या. या वेळी भिंतीकडे वळल्या नाहीत.

मुलं घरी गेल्यावर तो पिशवी भरू लागला.

"समासातलं ते वाक्य..." बाई म्हणाल्या, "तेही जाणार का साहेबांकडे?"

"नाही. ते गेलं तर अहवाल कचऱ्यात जाईल. बाईवर जीव जडलेल्या माणसाने खेळाची बाजू घेतली, असंच म्हणतील ना?"

बाईंनी हातातला ठोकळा खाली ठेवला.

"जडलाय?" बाईंचा आवाज अजून तपासणीचाच होता. "की अहवाल लिहिण्यापुरता?"

"तो मंजूर होईपर्यंत मी तुम्हाला ओळखत नाही. रस्त्यात दिसलो तरी बोलणार नाही. जीव जडला नसता, तर हे कशाला केलं असतं?"

बाईंनी त्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. मग हळूच म्हणाल्या, "मलाही मग तुम्हाला ओळखता यायचं नाही. जमेल... प्रयत्न करते."

तो गेला. त्याला सव्वा महिना झाला, साहेब. परवा दोघं एकाच दुकानात समोरासमोर आली. बाईंनी साबण विचारला, त्याने खिळे. दुकानदाराला कळलंही नाही की ही दोघं एकमेकांसाठी झुरतायत. अहवाल तुमच्या टेबलावर पडून आहे, आणि तोवर खेळ बंद ठेवा असा तुमचा निरोप आलाय. कोपऱ्यातला मुलगा पुन्हा गप्प झालाय.

सही करायला किती वेळ लागतो? खेळाचा तास राहणार की जाणार? सरळ सांगा. उत्तर द्या.