आबांचे ते तीन सेकंद

समोरच्याचं बोलणं संपलं तरी आमचे आबा रेडिओवर लगेच बोलत नसत. मनात तीन मोजत, मगच बटण दाबत. असं का, म्हणून विचारलं की नुसतं "कळेल" म्हणत. मला अस्सा राग यायचा!

२०५८ सालची गोष्ट. आबा निवृत्त शास्त्रज्ञ. देवघळच्या शाळेत ते हौशी रेडिओ केंद्र (पगाराशिवाय, आवडीनं आणि लोकांसाठी चालवलेलं केंद्र) चालवत. छपरावर त्यांच्या अँटेनाचा उंच खांब होता. आता प्रत्येकाच्या मनगटावर उपग्रहाचा फोन आला, मग ही अडगळ कशाला, असं लोक म्हणू लागले. खांब ठेवायचा की काढायचा, ते ग्रामसभा ठरवणार होती. त्याआधी सभेत बाजू मांडायला आबांना वीस मिनिटं मिळाली.

आबांनी एक रेडिओ संच सरपंच नूतनताईंना दिला, दुसरा मला, त्यांच्या नातीला.

"दोघी एकदमच बटण दाबा आणि बोला."

आम्ही बोललो. दोघींच्याही संचातून काहीच ऐकू आलं नाही. सभेत हशा पिकला.

"संच बिघडलेला नाही," आबा म्हणाले. "बोलायला आणि ऐकायला अँटेना एकच. बटण दाबलं की ती प्रक्षेपकाला (लहरी बाहेर पाठवणाऱ्या भागाला) जोडली जाते आणि ग्राहक (आलेल्या लहरी पकडणारा भाग) बंद होतो. लांबून आलेली लहर फार क्षीण असते. ढोल बडवताना मुंगीची पावलं ऐकू येतील का? म्हणून मध्ये थोडं थांबायचं. कुणी संकटात असेल, तर त्याला हाक मारायला जागा ठेवायची."

आणि मग आबांनी जे सांगितलं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

"चार वर्षांपूर्वी महापुरात फोन उपग्रहाशी जोडणारं इथलं केंद्र बुडालं, सगळे फोन मुके झाले. तेव्हा मी या रेडिओवरून मदतसामानाची यादी वाचत होतो. अकरा मिनिटं बटण सोडलंच नाही. सोडलं, तेव्हा वरच्या वाडीला दिलेल्या संचावरून बाईचा आवाज आला. भिंतीखाली माणूस अडकला होता. आम्ही पोचलो, पण उशीर झाला. चूक माझी होती."

खांब वाचवायला आलेला माणूस भर सभेत हे कशाला सांगतो? आता संपलंच सगळं, असं वाटलं.

मागून गोदाकाकी मांढरे उठल्या. भिंतीखाली गेले ते त्यांचेच यजमान.

"मी किती हाका मारल्या, आबा! जाईनात, तवा वाटलं, मीच बटण चुकीचं दाबतेय. चार वर्सं रोज तेच मनात. माझ्यामुळं गेले म्हणून."

"नाही हो," आबा म्हणाले. "तुमचं बटण बरोबर होतं. मी ऐकत नव्हतो. मला माफ करा."

काकी पदरानं डोळे पुसून नूतनताईंकडे वळल्या.

"खांब काढू नका. वरच्या वाडीत अजून एक उभा करा. ते केंद्र मी चालवीन. परवान्याची परीक्षा द्यावी लागते म्हणतात, तर देईन."

हात वर करा म्हणायचीही गरज पडली नाही; खांब राहिला.

रविवारपासून त्या परीक्षेचा वर्ग सुरू झाला. तेवीस जण आले. पहिल्या बाकावर वही उघडून गोदाकाकी बसल्या होत्या, आणि आबा त्यांना फळ्यावर अँटेना काढून दाखवत होते.