सहा पिनांचा पदर

पदराला सहावी पिन लावताना ती बोटात घुसली, रक्ताचा टपोरा थेंब आला, आणि स्वरूपाच्या मनात आलं... बरं झालं, डोळ्यांतून यायचं जे आटलं होतं, ते निदान बोटातून तरी आलं!

भिंतीपलीकडे तिच्या बरं होण्याची उपकारस्तुती सुरू झाली होती. चिखलीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सोमवार ते शनिवार खिडक्यांच्या ग्रिलचं वेल्डिंग व्हायचं आणि रविवारी, ड्रिल मशीनवर पांढरी चादर टाकून, उपासना. आज सत्तर माणसं होती, दोन पातेली बिर्याणी होती आणि एक फ्लेक्स होता. फ्लेक्सवर स्वरूपाचा कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो, खाली 'गाठ गेली, प्रभूची स्तुती असो', आणि चहूबाजूंनी रंगीत फुगे. कारण फ्लेक्सवाल्याकडे वाढदिवसाचाच साचा तयार होता, आणि कॅन्सर बरा झाल्याचा साचा त्याच्याकडे आजवर कुणी मागितला नव्हता.

एवढ्या सगळ्या थाटात एकच गोष्ट राहून गेली होती. गाठ होती तिथेच होती.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, "वेळेत आलात. आधी केमो, मग ऑपरेशन. होईल." त्याच रविवारी मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना केली. डोक्यावर आठ-दहा हात, कुणाचे तरी अश्रू तिच्या मानेवर ओघळत होते, आणि खरोखरच कित्येक दिवसांनी तिच्या व्याकूळ अंतःकरणातली भीती ओसरली. परतताना गाडीवर मागे बसून ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "अहो, आज हलकं वाटतंय." एवढंच! पुढच्या रविवारी देवाच्या कृपेची साक्ष द्यायची वेळ झाली, तसा धनेश उठला, माईक हातात घेतला आणि गहिवरून म्हणाला, "मंडळी, गाठ गेली!"

धनेश वाईट माणूस नव्हता. अडचण हीच होती. वाईट माणसाला सोडून जाता येतं. नऊ वर्षांपूर्वी याच शेडमध्ये त्याची बाटली सुटली होती. कामावर त्याचं मशीनसुद्धा ऐकत नसे. इथे मात्र त्याने माईक धरला की सत्तर माणसं 'आमेन' म्हणायची. त्या दिवशी विलास पास्टरांनी हळूच विचारलं होतं, "धनेशभाऊ, रिपोर्ट पाहिलात का?"

"पास्टर, विश्वासाला रिपोर्ट लागतो का?" धनेश माईकवरच म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पास्टर खाली बसले. टाळ्यांपुढे उभं राहणं पास्टरांनाही जमत नाही.

स्वरूपा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. दिवसभर रबरी वॉशर भिंगाखाली धरायचे, चांगल्याला हिरवं लेबल, वाईटाला लाल. चौदा वर्षांत तिने न तपासता एका वॉशरलाही ओके म्हटलं नव्हतं. तिच्या नवऱ्याने मात्र तिला, अख्ख्या बायकोला, न तपासता हिरवं लेबल लावून टाकलं होतं!

"गाठ आहे हो अजून," ती त्या संध्याकाळी म्हणाली.

"तू आहे म्हणतेस, म्हणून आहे. तुझा विश्वास कमी पडतोय, स्वरूपा."

तो रात्रपाळीला गेल्यावर सासूबाई, सुमनताई, स्वयंपाकघरात तिच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "तू दवाखान्यात जा गं माय, मी कुठं नको म्हणते? पण गुपचूप जा. त्याची साक्ष खोटी पडली, तर तो परत बाटलीकडं जाईल... माझं लेकरू परत गटारात पडलेलं मला नाही बघवायचं!"

स्वरूपाचं हृदय विदीर्ण झालं. लेकरू त्यांचं होतं. ती मात्र कुणाचीच नव्हती. तिने त्या जोडलेल्या हातांवर आपले हात ठेवले आणि म्हणाली, "बरं."

मग दर तिसऱ्या मंगळवारी तिचा 'ओव्हरटाइम' सुरू झाला. हॉस्पिटलचा नियम होता: केमोला सोबत नातेवाईक हवा, त्याची सही हवी. पहिल्या वेळी शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटचे काका, अर्जुनराव म्हणून, तिची तारांबळ पाहून स्वतःच म्हणाले, "आणा इकडं, मी तुमचाबी काका." दुसऱ्या वेळी केयूर नावाचा कुणाचा तरी मुलगा तिचा भाऊ झाला. तिसऱ्या वेळी बहीण मिळाली. चौथ्या वेळी कुणीच मिळेना, तेव्हा कँटीनच्या चहावाल्याने हात पुसून मामा म्हणून सही केली आणि चहाही पाजला. सही झाली की ही उसनी माणसं आपापल्या पेशंटकडे परतायची. तिच्या खुर्चीपाशी एक स्टूल रिकामं उरायचं. सुईतून लाल औषध उतरत असताना ती त्या स्टुलाकडे बघून मनात म्हणायची, "देवा, बरं करायचं तर कर, नाही तर तुझी मर्जी... पण इथं बस."

आणि तो बसायचा. याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. साक्ष द्यावी अशी तिच्याकडे ती एकच गोष्ट होती, आणि ती कुणी विचारली नव्हती.

केस पहिल्या तीन आठवड्यांतच गेले. पण प्रार्थनेला बायका डोक्यावर पदर घेतातच. स्वरूपाने तो घरीदारी, झोपेतसुद्धा घ्यायला सुरुवात केली. मंडळीत तिच्या नम्रतेचा बोलबाला झाला. "बरी झाल्यापासून पदर ढळू देत नाही हो!" पंधरा दिवसांत निम्म्या बायका भाजी आणायलाही पदर घेऊन निघू लागल्या. नवऱ्याने दोन महिने बायकोच्या डोक्याकडे पाहिलं नाही, यात मात्र चमत्कार वाटण्यासारखं काही नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि त्याची रात्रपाळी होती.

हे सगळं तिने गिळलं. पुढेही गिळलं असतं. पण सहावी पिन लावून ती वळली, तर दारात चतुराबाई उभ्या. गल्लीतली जुनी म्हातारी; पायाला पट्टी, हातात औषधांची पिशवी.

"पोरी, तुला शोधत हुते. ही बघ माझी साखरंची समदी इंजेक्शनं. आज समद्यांम्होरं त्या कचऱ्याच्या पिंपात टाकनार हाय."

"का हो, आजी?"

"आगं, तुझ्या नवऱ्यानं न्हाई का सांगितलं? तू एक गोळी घेतली न्हाईस, आन् खडखडीत झालीस. म्या बी आठ दिस झालं काय घेतलं न्हाई. जखम वाईच काळी पडलीया... पर म्हनलं स्वरूपाला झालं, तर मला का न्हाई?" म्हातारी बोळकं पसरून हसली.

स्वरूपाच्या पायाखालची फरशी सरकली. आपल्या मौनाची किंमत आपणच भरतोय, असं ती इतके दिवस समजत होती... आणि इथे एका म्हातारीचा पाय चालला होता!

पलीकडून धनेशचा आवाज आला, "आणि आता, मंडळी, ती स्वतः येईल!"

टाळ्या वाजल्या. स्वरूपा चतुराबाईंचा हात धरून पुढे गेली. धनेशने तृप्त चेहऱ्याने तिच्या हातात माईक दिला. तिने तो ड्रिल मशीनवर ठेवला आणि एकेक पिन काढायला लागली. सहा पिना काढायला फार वेळ लागतो. पहिल्या तिनांपर्यंत लोक 'हालेलुया' म्हणत होते. चौथीला थांबले.

पदर खांद्यावर पडला.

"मी बरी नाही," ती म्हणाली. "चार केमो झाले, अजून आहेत, मग ऑपरेशन. त्या दिवशी माझी भीती गेली होती, गाठ नाही. तुमच्या प्रार्थनेनं मला बळ दिलं, ते खोटं नाही... पण औषध मी घेतेय. चोरून घेतेय! चतुराआजी, ती पिशवी टाकायची नाही. आत्ता रिक्षा करायची आणि दवाखान्यात जायचं."

"म्हंजे त्यो खोटं बोलला व्हय?" चतुराबाईंनी भाबडेपणाने विचारलं.

धनेश तिच्या डोक्याकडे बघत होता. चौदा वर्षांत इतकं टक लावून त्याने तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग तो वळला आणि बाहेर निघून गेला.

"मारलंस गं माझ्या लेकराला!" सुमनताईंनी हंबरडा फोडला.

"आई," स्वरूपा कोरड्या आवाजात म्हणाली, "मरत मी होते."

विलास पास्टर उठले. "मी तेव्हा पुन्हा विचारायला हवं होतं, ताई. आज टाळ्या नकोत. प्रार्थना आहे, आणि ती झाल्यावर आजींना मी घेऊन जातो." दिलेली साक्ष परत कशी घ्यायची याची काही रीत मंडळीत नव्हती, त्यामुळे लोक, दुसरं काही सुचेना म्हणून, जेवले. बिर्याणी संपली. फ्लेक्स कुणी काढला नाही.

धनेश दोन दिवस घरी आला नाही. सुमनताई बाटलीचा वास हुंगत दारात बसून राहिल्या. स्वरूपाने कुणाची वाट पाहिली नाही. मंगळवारी, या वेळी 'ओव्हरटाइम' न म्हणता, ती उघड्या डोक्याने हॉस्पिटलला गेली.

काउंटरपाशी धनेश उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. पण शुद्धीत.

"पेशंटचे कोण?" सिस्टरने विचारलं.

"नवरा."

सिस्टरने मान वर करून त्याला पाहिलं. "काका आहेत, भाऊ आहे, बहीण आहे, मामा आहेत... आणि नवरासुद्धा आहे? बोलला नाहीत कधी, ताई!" तिने रजिस्टर सरकवलं. "इथं सही करा."

धनेशने स्वरूपाच्या नावापुढच्या चार सह्या एकेक करून वाचल्या. काका. भाऊ. बहीण. मामा. त्याने खाली पाचवी सही केली; ती इतकी वाकडी आली की सिस्टरने पुन्हा करायला लावली.

आत सुई लागली, लाल औषध उतरू लागलं. तो खुर्चीपाशी ताटकळत उभा होता.

"चतुराबाईंच्या पायाचं एक बोट काढावं लागलं," तो म्हणाला. "पाय वाचला. दोन दिवस इथंच, वरच्या वॉर्डात त्यांच्यापाशी होतो. तुझे ओव्हरटाइमचे मंगळवार आठवले, म्हणून खाली आलो. त्या मला म्हणाल्या, तू च्या प्यालास का..." आणि तो तोंडावर रुमाल दाबून हमसाहमशी रडायला लागला. "मला माफ केलंस, स्वरूपा?"

तिने बराच विचार केला. न तपासता ओके म्हणायची तिला सवय नव्हती.

"अजून नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग बाजूच्या रिकाम्या स्टुलाकडे बोट करून, परक्या माणसासारखं, त्याने चाचरत विचारलं, "इथं... कुणी बसलंय का?"

"हो," स्वरूपा डोळे मिटत म्हणाली. "पण सरकेल तो जरा. बसा."