देवमाशाचं सुतक

पिल्लू चांगलं गाडीएवढं, आई बसपेक्षाही लांब आणि दोघं एकाच खाडीत. तरी पिल्लाला आई सापडेना. एवढी मोठी आई हरवतेच कशी?

सकाळपासून कड्यावर उभी राहून मी हेच विचारत होते, पण उत्तर द्यायला कुणाला फुरसतच नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या या किनाऱ्यावर माझे आबा समुद्रातल्या आवाजांचा अभ्यास करतात. त्यांचा पोहणारा रोबो, डुबकी, देवमासे कुठे आहेत ते शोधतो आणि पर्यटकांच्या बोटींनाही कळवतो. त्यामुळे खाडीत बोटींची झुंबड उडाली होती.

शेजारी आंटी डोरीन उभ्या होत्या. इथल्या मूळ रहिवाशांच्या एका कुळाच्या त्या प्रमुख. आपल्याकडे घराण्याचं देवक असतं ना, तसं त्यांच्या कुळाचं देवमाशाशी नातं. त्यांची माणसं देवमासे पाहायला बोटीने जात नाहीत, कड्यावर गप्प उभी राहून पाहतात.

"बोटी थांबवायला सांगा," त्या आबांना म्हणाल्या. "लेकराला आईचं ऐकू येत नाहीये."

"पण आंटी, बोटी विजेवरच्या आहेत. आवाज कुठाय?"

मलाही आबांचंच पटलं. ऐकू येत होत्या त्या फक्त लाटा.

दुपारी पिल्लू वाळूवर येऊन पडलं. ओल्या चादरी घातल्या, पाणी ओतलं, सगळ्यांनी शर्थ केली. त्याचा श्वास थांबला तेव्हा मी आंटींचा हात धरून ढसाढसा रडले.

संध्याकाळी आबांनी डुबकीच्या जलश्रावकाने (पाण्याखालचा आवाज टिपणारा माईक) केलेलं रेकॉर्डिंग लावलं. मी कानांवर हातच ठेवले. नुसती घरघर आणि कडकड!

"बोटींचे पंखे," आबांचा चेहरा पार उतरला होता. "मोटर मुकी असली तरी पंखा जोरात फिरला की पाण्यात बुडबुडे होतात आणि फुटतात. तो आवाज आत दूरवर पसरतो. वर आपल्याला पत्ताही लागत नाही."

"मग आईने जोरात हाक मारायची!"

"शिकारी ऑर्का (पिल्लांवर टपणारे मोठे डॉल्फिन) ऐकतील ना. म्हणून मायलेकरं कुजबुजतात. मिक्सर चालू असताना तू कुजबुजलीस तर मला ऐकू येईल का? याला ध्वनिच्छादन (मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जाणं) म्हणतात." आबांनी रेकॉर्डिंग बंद केलं. "आणि शाल्मली, हे मिक्सर मीच बोलावले गं."

दुसऱ्या दिवशी बोटी पुन्हा निघाल्या, तर धक्क्यावर आंटी. नव्या कायद्याने खाडी बंद ठेवायचा हक्क त्यांच्या कुळाला होता, पण एकाच कारणासाठी. घरात कुणी गेलं की ती जागा काही काळ मोकळी सोडायची, ही त्यांची रीत.

"कोण गेलं?" बोटींच्या मॅनेजरने विचारलं.

"घरातलं लेकरू."

"अहो, तो मासा होता!"

"मासा नाही, सस्तन प्राणी (पिल्लांना दूध पाजणारा)!" मी ओरडलेच. मॅनेजरला हेही ठाऊक नसावं?

आंटींनी अंगाला सुतकाची पांढरी माती लावली होती. त्यांच्यामागे त्यांची माणसं तशीच माती लावून उभी होती. आबा पुढे झाले. "आवाजामुळेच त्याची आईशी ताटातूट झाली, हे मी कोर्टातही सांगेन. डुबकी यापुढे जागा कळवणार नाही."

मॅनेजर चरफडत मागे फिरला आणि बोटी बांधल्या गेल्या.

शांत झालेल्या खाडीत जलश्रावकातून पहिल्यांदा ऐकू आली ती त्या पिल्लाचीच आई. खालच्या सुरात ती त्याला पुन्हा पुन्हा बोलावत होती. आबांनी हेडफोन काढून ठेवला. मला काढवेना. काही दिवसांनी ती एकटीच निघून गेली.

मग एका सकाळी दोन बारीक आवाज आले. एक जणू विचारत होता, दुसरा उत्तर देत होता. दुसरी मायलेकरं! मी धावत कड्यावर जाऊन आंटींना सांगितलं. त्यांच्या अंगावरची माती तशीच होती.

"आंटी, सुतक कधी सुटणार?"

"या हंगामातलं शेवटचं लेकरू आईबरोबर दक्षिणेच्या थंड समुद्राकडे परत गेलं की."

"आणि पुढच्या वर्षी बोटी परत आल्या तर? आबा बुडबुडे न करणारा पंखा बनवायला बसलेत."

"बनवू दे," आंटी म्हणाल्या. "तोवर दरवर्षी सुतकाची माती भिजवायला मी आहेच."